दुकानातल्या शॉवरची पहिली आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना हँड शॉवर आहे. वय फार नाही माझं, पण ज्या दुकानात रोज नवा माल येतो तिथे म्हातारं व्हायला कितीसा वेळ लागतो!

माझा जन्म कारखान्यात झाला. पितळेचा तापलेला रस साच्यात ओतला, मला घासलं, चकचकीत मुलामा चढवला आणि मग माझ्यातून पहिल्यांदा पाणी सोडून पाहिलं. अहाहा! काय सांगू! आत शिरताना ती एकच जाड धार होती, बाहेर पडताना तिचे कितीतरी बारीक धागे झाले. मी थक्कच झालो. पाण्यासारखी थोर गोष्ट आपल्या पोटातून जाते, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे मला एका मोठ्या दुकानात दर्शनी भिंतीवर लावलं. खाली टाकी लपवलेली होती. तेच पाणी वर चढायचं, माझ्यातून पडायचं आणि परत टाकीत जायचं. गिऱ्हाईक बाही सरसावून तळहात धरायचं आणि म्हणायचं, "वा, काय जोर आहे!" मी फुलून जायचो. मग एके दिवशी छतात तो नवा शॉवर आला. परातीएवढा! रंगीत दिवे काय, गाणी काय! झालं, मला कुत्रंही विचारेना. माझ्यावर धूळ बसली, भोकांत पांढरा क्षार साचला. आणि खरं सांगू? मी तोवर एकाही माणसाला आंघोळ घातली नव्हती. नुसते तळहात!

अशात एक कुटुंब आलं. मुलगा, सून आणि काठी टेकत चालणारे आजोबा. आजोबांनी सारी नोकरी अग्निशमन दलात केली होती. काही महिन्यांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती काही गेली नाही. तेव्हापासून मुलगा त्यांचं अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा आणि आजोबा मान खाली घालून बसायचे. सूनबाई विक्रेत्याला म्हणाल्या, "बाबांना आपली आपण, दार लावून आंघोळ करता आली पाहिजे. एवढंच हवंय आम्हाला."

"एवढंच काय! भारीतला भारी शॉवर दाखवा," मुलगा म्हणाला.

विक्रेता पक्का बोलघेवडा. "साहेब, या छतातल्याखाली उभं राहिलं की माणूस थेट स्वर्गात!"

आजोबा वर बघत बघत त्या परातीखाली गेले. मुलाचं लक्ष होतं बटणांवर. उत्साहाच्या भरात त्याने एक दाबलं आणि धो धो पाणी कोसळलं. आजोबांच्या हातून काठी सुटली. ते भिंतीला घट्ट चिकटले. सूनबाईंनी धावत जाऊन त्यांना ओढलं आणि माझ्याजवळच्या स्टुलावर बसवलं. मुलाचा चेहरा पार उतरला.

"बाबा, चुकलं माझं."

"तुझं नाही रे. जन्मभर आगीला भ्यालो नाही आणि आता पाण्याला भितो मी! चला घरी. पुसून घेतलेलंच बरं."

फार वाईट वाटलं मला. एवढा धिप्पाड माणूस, आणि आवाज असा खोल गेलेला.

सूनबाई त्यांचे केस पुसत म्हणाल्या, "बाबा, त्या दिवशी नेमकं झालं काय? तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

"सांगायचं काय त्यात? आपल्या शॉवरची चावी बरोब्बर त्याच्याखाली. फिरवली की गार पाणी थेट डोक्यावर. दचकलो आणि घसरलो. अगं, आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, पाणी सोडताना धारेच्या तोंडी उभं राहायचं नाही. आधी मोकळ्या जागी सोडायची, ताब्यात आली की मग आगीकडे वळवायची. आणि घरी मात्र मी रोज तिच्याच तोंडी उभा राहायचो!"

सूनबाई थबकल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला काढलं, पदराची पर्वा न करता धूळ पुसली आणि आजोबांच्या हातात दिलं.

"मग याचं तोंड भिंतीकडे धरा. चावी तुमच्या हाताशीच आहे. पाणी तुम्हीच सोडा."

"अगं, कपडे भिजतील."

"आता काय भिजायचे राहिलेत?"

आजोबांनी माझी मान घट्ट पकडली आणि नळी काखेत दाबली. असं मला कुणी कधी धरलं नव्हतं. त्यांनी चावी हळूच फिरवली. धार आधी भिंतीवर गेली. मग पायांवर आली, मग गुडघ्यांवर. तिथे ते थांबले. मग धार खांद्यावर आली. आणि शेवटी डोळे मिटून आजोबांनी मला आपल्या डोक्यावर उचललं.

मित्रांनो, मी पहिल्यांदाच माणसाचं डोकं इतक्या जवळून पाहिलं! केवढं ते, आणि किती ऊबदार! टाकीतलंच ते शिळं पाणी, पण त्यांच्या कपाळावरून, कानांमागून, मानेवरून असं सावकाश वाहिलं की मी बघतच राहिलो. या क्षणासाठी आपला जन्म झाला आणि आपल्यालाच ते ठाऊक नव्हतं!

"नवाकोरा खोक्यातला देतो," विक्रेता म्हणाला.

"हाच द्या. आमची ओळख झालीये," आजोबा म्हणाले.

घरी प्लंबरने शॉवरखालची चावी काढून दाराजवळ, बसल्या जागी हात पोचेल अशी बसवली आणि मला आजोबांच्या आंघोळीच्या स्टुलाशेजारच्या दांडीवर. पहिल्या सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, दार उघडंच ठेवा, मी आहे इथे."

"तू हो बाजूला," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने बाहेरून हाक आली, "बाबा, झालं का?"

"का रे, रांग लागलीये का बाहेर?"

बाहेरून मुलाचं हसणं ऐकू आलं, आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून पुसत जा, भोकांतला क्षार काढत जा. आणि घरासाठी शॉवर निवडायला जाल, तेव्हा दिव्यांना आणि गाण्यांना भुलू नका. घरात ज्याला पाण्याची भीती वाटते, आधी त्याच्या हाती चावी द्या आणि जरा बाजूला उभे राहा.