बंद करताना सुटलेला छर्रा

उद्धवराव फडक्यात गुंडाळलेलं छर्‍याचं पिस्तूल घेऊन गुडीहत्नूरला मोतीरामच्या दुकानात आले, ते काही दुरुस्तीसाठी नाही. त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की घोडा न दाबता ते सुटतं की नाही. स्वतःच्याच हातात घडलेली गोष्ट आणि ती स्वतःलाच ठाऊक नाही, आता बोला!

नव्वद सालची गोष्ट. वांग्याच्या वाडीत माकडांनी उच्छाद मांडला म्हणून त्यांनी ते पिस्तूल ठेवलं होतं. नळी खाली मोडली की आतली स्प्रिंग चढते, मग छर्रा ठेवायचा, नळी वर करून बंद करायची आणि घोडा दाबायचा. दिवाळीनंतर एका सकाळी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांची धाकट्या भावाशी, अमृतरावाशी, जुंपली. तोंडाला तोंड लागलं. उद्धवरावांच्या हातात छर्रा भरलेलं, नळी मोडलेलं पिस्तूल होतं. रागाच्या भरात त्यांनी ते खाडकन बंद केलं आणि छर्रा सुटून अमृतरावाच्या डाव्या डोळ्यात घुसला. डोळा कायमचा गेला.

दवाखान्यात अमृतरावानं सांगितलं, "माह्याच हातून सुटलं." भावाचं नाव त्यानं काढलं नाही. मात्र त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलला नाही. उद्धवराव दोनदा त्याच्या ओसरीवर जाऊन आले. "अमृता, घोड्याले बोट नोयतं लागलं रे माहं," म्हणून हात जोडले. तो नुसता भिंतीकडे तोंड करून बसला.

गाव तर काय, मुद्दाम मारलं म्हणून बोलतच होतं. गावाचं उद्धवरावांना काही नव्हतं. पण जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहायचा आणि ते आपल्या बोटाकडे बघत बसायचे. खरंच नव्हतं का हे घोड्यावर? राग डोक्यात गेल्यावर माणसाला आपलं बोट कुठं आहे हे तरी कळतं का? दोन महिन्यांत माणूस अर्धा झाला. त्यांना एकटं सोडायला जीव होईना म्हणून बायको रेणुकाबाईही दुकानात सोबत आली होती.

मोतीराम स्टोव्ह, कुलपं, शिलाईमशिनी, जे येईल ते दुरुस्त करायचा आणि कामापुरतंच बोलायचा. त्यानं रेतीचं पोतं भिंतीला टेकवलं, पिस्तुलाचं तोंड पोत्याकडे केलं, नळी मोडली आणि हळूच बंद केली. काही झालं नाही. पाच वेळा केलं. पाचही वेळा स्प्रिंग धरून राहिली. उद्धवरावांची नजर पुन्हा आपल्या बोटावर गेली.

"तुमी कसं बंद करता, तसं करून दाखवा," मोतीराम म्हणाला. "तोंड पोत्याकडं. अन बोट बाहीर."

उद्धवरावांनी नळी मोडली, छर्रा ठेवला आणि ती खाडकन बंद केली. काही नाही. पुन्हा केली. काही नाही. तिसऱ्यांदा बंद केली आणि फाट्कन छर्रा सुटला, पोत्यातून रेती गळू लागली. त्यांचं बोट घोड्यापासून दूर, सरळ ताठ होतं. त्या बोटाकडे बघता बघता उद्धवराव सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

"पावलास रे देवा!" रेणुकाबाईनं पदर डोळ्याला लावला.

मोतीरामनं स्क्रू काढून पिस्तूल उघडलं. स्प्रिंगला अडवून धरणारा एक लोखंडी दात होता आणि तो जिथं बसतो ती खाच पिवळ्या-तांबड्या कडक थरानं भरली होती. त्यानं नखानं खरवडून वास घेतला. "हे तर हळद-कुंकू व्हय! तेलात कालवलेलं."

रेणुकाबाईचा चेहरा उतरला. दर दसऱ्याला ती कोयता, फावडं, वखर पाटावर मांडून पूजा करायची आणि त्यांच्या रांगेत पिस्तूलही ठेवायची. गुळगुळीत नळीवर हळद ठरत नाही, म्हणून घोड्याच्या फटीत बोटानं चांगली दाबून लावायची. सात दसरे झाले होते.

"दात खाचीत पुरा बसूनच नाही राह्यला," मोतीरामनं दाखवलं. "नुसता टोकावर टेकते. हळू बंद केलं तं राहते, धक्का बसला का सरकते."

"म्हंजे भाऊजीचा डोळा माह्या हातानं..."

"गप! देवाचंच करत होती ना तू?" उद्धवराव उठले. दोन महिन्यांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता. "चाल, अमृताले सांगू. आपोआपच सुटलं म्हणून."

मोतीराम घासलेटात दात धूत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "उद्धवभाऊ, बंद करताना तोंड मातीकडं ठेवतेत. तुमाले काय सांगाव लागते? मंग त्या दिवशी अमृतभाऊकडं काऊन होतं?"

उद्धवरावांना उत्तर ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या उत्तराकडे बघायला लागू नये म्हणून तर ते दोन महिने बोटाकडे बघत आले होते. पिस्तूल तिथंच टाकून ते दुकानाबाहेर पडले आणि रेणुकाबाईला घेऊन गावी परतले.

अमृतराव ओसरीवर खाटेवर बसला होता. हे दोघं दिसताच त्यानं तोंड फिरवलं. रेणुकाबाई पुढं झाली, "भाऊजी, माह्या हळदीनं..." उद्धवरावांनी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"अमृता, घोडा मी दाबला नाही. पण तोंड तुह्याकडं मीच केलतं. जाणूनबुजून. म्हटलं, जरा भेव दाखवावं याले."

अमृतरावानं उरलेला डोळा भावावर रोखला.

"मालूम हाय मले. तुह्या हाताकडंच पाहून राह्यलो होतो मी. दोनदा येऊन तू बोटाचंच सांगतं. बोटाचं इचारलं होतं कोणी तुले?"

उद्धवराव खाटेच्या पायाशी जमिनीवर बसले.

"परवा आदिलाबादले डोळा दाखवाले जाचं हाय," अमृतराव म्हणाला. त्याचा आवाज अजून कोरडाच होता. "सडक पार कराची सोय नाही राह्यली माही. डाव्या अंगाची लॉरी दिसतच नाही."

"मी येतो ना रे. मी येतो."

"सकाळच्या बसले ये. अन माह्या डाव्या अंगानं चाल, दादा."