सडक्या बुडाचा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो; पोपटाचा नव्हे, झिंग्यांचा. देवाजीने बांबूच्या कामट्या तासून मला विणले आणि बायकोच्या, यमुताईच्या, हाती दिले. आत शिरायला वाट, बाहेर पडायला नाही. फसवणे हाच माझा धंदा, म्हणून मलाही जो तो लबाड वाटतो.

ही पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या गोरेवाडा तलावात यमुताई मला संध्याकाळी आमिषाला ढेपीचा, म्हणजे पेंडीचा, गोळा घालून सोडायची. सकाळी झिंगे काढले की दिवसभर मी उन्हात वाळायचो. माझ्या बाजूलाच शेजारीण अंजनाबाईचा पिंजरा असे. दोघींचे झिंगे एकाच टोपलीत पडत, कारण ते विकत घेणारा, शहरातल्या सदर भागातल्या खानावळीचा रामाजी भरल्या टोपलीशिवाय सायकल इकडे वळवत नसे. अर्धी टोपली बाजारात मातीमोल जायची. "केवढे टपोरे झिंगे!" असे तो म्हणाला की मी फुगून जायचो.

एका उन्हाळ्यात पाणी आटले, झिंगे कमी झाले. दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. तरी यमुताईला वाटले, अंजनाबाईच पहाटे हात मारते. तिने बोलणे सोडले, टोपली वेगळी केली. माझी जागा कोणी बळकावू नये म्हणून मला वाळवणेही बंद केले; मी रात्रंदिवस पाण्यातच. झिंगे आणखी घटले, तसा संशय आणखी वाढला. दोघींच्या टोपल्या अर्ध्याच. रामाजी येईनासा झाला.

एके पहाटे खरेच अंजनाबाईचे हात मला लागले. सापडली चोर, मी मनात म्हटले! पाण्यात राहून अंग बधिर झाले होते. तिने काय केले ते कळले नाही. सकाळी यमुताईला माझ्या बुडाशी अंजनाबाईच्या लाल लुगड्याची चिंधी दिसली. मला काखोटीला मारून ती तडक अंजनाबाईच्या दारात गेली.

"काहून वं अंजने, माह्या पिंजऱ्याले हात काहून लावला?"

"बूड सडलं होतं वं. झिंगे खालूनच पळून राहिले होते, म्हणून चिंधीनं बांधलं. तुले सांगावं म्हटलं, तं तू बोलूनच नाही राहिली."

"खोटं!" म्हणत यमुताईने चिंधी ओढली. माझे बूड तिच्या पायांवर गळून पडले. ती वाकून सडक्या कामट्या गोळा करू लागली. मलाही मेल्याहून मेल्यासारखे झाले.

देवाजीने नवे बूड विणले. यमुताईने ती चिंधी माझ्या कडेला पुन्हा बांधली. आता भिंतीला टांगलेला असलो तरी ती अंगावर आहे. मित्रांनो, आम्हाला रोज ऊन दाखवा. काही हरवले तर शेजारणीचे दार गाठण्याआधी आपला पिंजरा एकदा उलटून पाहा. रामाजी परत यायला पावसाळा उजाडला. अंजनाबाईला पुन्हा बोलायला त्याहून उशीर लागला.