आठ जणांची गाडी

जपानहून आणवलेली आठ जणांची गाडी. एमलिनने मागच्या सगळ्या सीटा उपटून विकल्या आणि तिथे पलंग, शेगडी बसवली. हौसच दांडगी!

"लेक-नातवंडं आली तर काय टपावर बसवणार?" बायको कडाडली होती.

"त्यांना आहे त्यांची गाडी. ही आपल्या दोघांची!"

आज लेकीचा, नेरिसचा फोन आला. "बाबा, त्याने पुन्हा हात उचलला. आमची गाडी तोच घेऊन गेलाय. तो घरी यायच्या आत आम्हाला घेऊन जा."

एमलिन कार्डिफला पोचला तेव्हा ती सुजलेल्या ओठाने, दोन चिमुरड्यांना धरून रस्त्यावरच उभी होती. तिने मागचं दार सरकवलं.

"पलंगावर बसा, मी हळू चालवतो," तो चाचरला.

"बेल्टशिवाय? हायवेवर?" तिने पुढची एकुलती रिकामी सीट पाहिली. "बाबा, आमच्यातल्या कोणाला नेताय?"