आठ मात्रांच्या मधलं

छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला सगळे मात्राबुवा म्हणत. ओळ हातात आली की आधी त्यांची बोटं चालायची, मग नजर. आजकालच्या कवितेला छंद नसतो, असं कुणी म्हटलं की ते उसळायचे, "असतो हो! लपून बसलेला असतो."

त्या सकाळी त्यांच्यासमोर एक बाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा कारखान्यात लेथवर होता. फुप्फुसाच्या दुखण्याने तीन महिन्यांपूर्वी गेला. त्याच्या कवितांचं पुस्तक निघत होतं. शेवटची कविता त्याने अंथरुणावरून सांगितली आणि बाईंनी उतरवून घेतली होती.

बुवांनी पेरं मोजत वाचलं, "भिंतीवरती ऊन सरकते, खिडकीमधले पान थरकते. थांब जरा."

ते खुशीत आले. "आठ आणि आठ. यमकही चोख! पण हे 'थांब जरा' सहाच मात्रांचं. ध्रुवपद म्हणावं, तर कुठे दोन ओळींनी येतं, कुठे एका. शेवटी तर दर दोन शब्दांनी. एवढा पक्का हात असा चुकायचा नाही. उतरवताना काही गडबड?"

बाईंनी कागद ओढला, ओठांतल्या ओठांत वाचला.

"यांना धाप लागायची," त्या हळूच म्हणाल्या. "मी घाई करायचे, पुढे काय, पुढे काय. मग हे म्हणायचे, थांब जरा. ते मला म्हणत होते, दादा. मी तेही लिहीत गेले."

बुवांची बोटं जागच्या जागी राहिली. कुठून शहाणपणा पाजळला, असं त्यांना झालं.

"राहू द्या, ताई. नव्या कवितेत चालतं. उलट शोभतं," ते म्हणाले. उभ्या जन्मात कवितेबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलले.

"नको. सुताचा फरक पडला तरी हे अख्खा तुकडा भंगारात टाकायचे."

बाईंनी पेन्सिल घेतली आणि एकेक 'थांब जरा' खोडलं. नऊ होती. नवव्यापाशी त्यांनी डोळे पुसले, मग तेही खोडलं.

"आता वाचा."

बुवांनी वाचली. ओळी कुठेही न अडखळता शेवटापर्यंत गेल्या.

"एका दमात म्हटली यांनी," बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

पुस्तकात कविता तशीच छापली गेली. खोडाखोडीचा तो कागद मात्र बाई मागून घेऊन गेल्या.