पुसूनही न जाणारी वीज

२००७ साली माझी भाची सायली नाशकात एम.एस्सी. करत होती आणि सुईतून सूत काढत होती. सूत असं, की आपल्या एका केसाच्या जाडीत तसली शंभर मावतील. प्लास्टिकचा पातळ पाक पिचकारीत भरायचा, सुईला पंधरा हजार व्होल्ट द्यायचे, की थेंब आपोआप ताणला जाऊन समोरच्या पत्र्यावर जाळी होऊन बसतो. मी नामपूरहून कांद्यांची पिशवी घेऊन गेलो आणि जरा जवळ वाकलो, तर माझी डावी मिशी मशीनकडं वळली ती दिवाळीपर्यंत सरळ झाली नाही.

"मामा, मागं व्हा! आज माझी परीक्षा आहे."

बाहेरचे परीक्षक समोरच बसलेले. जाळीत मुरलेली वीज आहे, असा सायलीचा दावा. सिद्ध झाला नाही तर प्रकल्प नापास.

"सर, या रेणूच्या साखळीला एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला फ्लोरिन. विजेच्या ओढीनं साखळ्या एकाच बाजूला तोंड करून बसतात."

"पंगतीला बसल्यासारख्या," मी म्हणालो.

"हे कोण?"

"मामा आहेत, सर. लक्ष देऊ नका."

तिनं जाळी सोलून उचलली. लगेच माझ्या पिशवीतले कांद्याचे पापुद्रे पाखरांच्या थव्यासारखे उडाले आणि जाळीला चिकटले.

"आयला, काय शे हाई!" हे आहे तरी काय, असं मी अहिराणीतच म्हणालो.

परीक्षक हसले. "घासलेल्या कंगव्यालाही कागद चिकटतो. वरवरची वीज ही. स्पिरिटनं पुसा."

सायलीनं पुसलं. पापुद्रे गळून पडले. मी ते वेचून पिशवीत भरायला लागलो.

तिनं मात्र शांतपणे जाळीच्या दोन्ही बाजूंना वर्ख लावला, वायरी वीज मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्याला जोडल्या आणि बोटानं दाबलं. पडद्यावरची रेघ टुणकन वर उडाली.

"वरचं गेलं, सर. आतली साखळ्यांची बैठक कशी पुसणार?"

"तुमच्या बोटाचीच वीज असेल." त्यांनी लाकडी पट्टीनं दाबून पाहिलं. रेघ वरच. मग ते हळू म्हणाले, "आता जाळी उलटी करा. खरंच तोंडं एका बाजूला असतील, तर रेघ खाली जायला हवी."

सायलीनं जाळी उलटी केली. पट्टी टेकली. रेघ सपकन खाली!

परीक्षक खुर्चीतून उठले. "सायली, पास! मामा, तुम्ही पण दाबून बघा."

मी दाबलं. रेघ पडद्याबाहेर पडून खिडकीतून गंगापूर रोडला लागली. कॉलेजवाले अजून शोधतायत.