दार लावलं की आई

आमच्या घरात एक नियम आहे. दाराला आतून कडी असली की माझी आई दादाची आई असते. कडी निघाली की ती त्याची आत्या होते आणि बाबा मामा होतात. माझं त्या मानानं सोपं आहे. भाऊ सख्खा असो की मामेभाऊ, दादाला दादाच म्हणायचं असतं.

हे खोटं आईनं रचलं. युवराजदादा सतरा वर्षांचा असताना हैदराबादच्या दिलसुखनगरला ट्यूशनच्या गल्लीत त्याचं आदित्य नावाच्या वर्गातल्या मुलाशी भांडण झालं. आदित्यनं त्याचा रडतानाचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला होता. दादानं हातातलं हेल्मेट त्याच्या डोक्यात घातलं, आणि तो खाली पडल्यावरही थांबला नाही. आदित्य वाचला नाही. दादा सुधारगृहात गेला. मी त्याची बाजू घेत नाही. केलं ते त्यानंच केलं. पण तो माझा भाऊ आहे, आणि ते मला कुणाला विचारून ठरवायचं नाही.

तो आत असतानाच आम्ही काचीगुड्यात राहायला आलो. शेजारणींनी मुलंबाळं किती विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "ही शिल्पा एकटीच." त्या दिवशी तिला ते सोपं वाटलं असणार. मग शिक्षेची तीन वर्षं संपली, दादा सुटला आणि आता त्याला कुणीतरी करणं भाग होतं. मराठवाड्यातून हैदराबादला भाचे-पुतणे येतच असतात, कुणी शिकायला, कुणी कामाला. त्यांच्याबद्दल कुणी खोदून विचारत नाही. म्हणून दादा नांदेडच्या कुलदीपमामाचा मुलगा झाला. मामा फोनवर आईला म्हणाला, "नाव वापर, अक्का. पण त्याला इकडं पाठवू नको."

दादानं पहिल्याच दिवशी विचारलं, "किती दिवस म्हणायचं आत्या?"

"तुझं नीट बस्तान बसेपर्यंत," आई म्हणाली. "थोडे दिवस, बाळा."

त्याला नारायणगुड्यात झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, मान खाली घालून जिना चढायचा. एकदा गच्चीवर कपडे काढताना तो मला म्हणाला, "शिल्पे, तिथं भेटीच्या दिवशी गेटवरचा माणूस ओरडायचा, युवराज की अम्मा कौन? आणि आई हात वर करायची. सगळ्यांसमोर. तिथं तरी ती माझी आई होती." त्याला बाकी काही नको होतं. चारचौघांत एकदा तिनं म्हणावं, हा माझा युवराज, एवढंच. मी म्हटलं, म्हणेल रे. मला तरी काय माहीत होतं!

त्यात ती मालिका सुरू झाली. सनी नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, त्यानं वर्गातल्या मुलीला जिवे मारलेलं, पोलीस, कोर्ट, रडणारी आई. दर शनिवारी नवा भाग. सगळं शहर बघत होतं. माझ्या कॉलेजात, दादाच्या दुकानात, भाजीवाल्याकडे, जिकडेतिकडे सनी. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये मोठा टीव्ही फक्त आमच्याकडे. दादा सुटून आल्यावर त्यानं घरात रमावं, बाहेर फार हिंडू नये, म्हणून बाबांनी तो घेतला होता. वरच्या मजल्यावरच्या तारामतीबाई पहिल्याच शनिवारी म्हणाल्या, "भामाबाई, तुमच्याकडंच जमू की माय सगळ्या." आईला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील, ही तिची भीती. तिला हल्ली प्रत्येक गोष्टीत हीच भीती असते.

बाबा शनिवारी चार वाजले की चप्पल घालून निघायचे आणि स्टेशनवर जाऊन बसायचे. त्यांचं बरं होतं. दादाचं दुकान शनिवारी दुपारीच बंद व्हायचं, म्हणून तो घरी असायचा.

तारामतीबाई, समोरच्या सरितक्का आणि तळमजल्यावरची वंदना मास्तरीण अशा तिघी यायच्या. मालिका कमी आणि निकालच जास्त चालायचे. सनी पडद्यावर आला की तारामतीबाई म्हणायच्या, "डोळे बघा मेल्याचे! अशी पोरं मला डोळ्यांवरून कळतात." हे त्या कुठं बसून म्हणत होत्या? दादानं नुकत्याच आणून दिलेल्या मिरचीभज्यांची बशी मांडीवर घेऊन. वर त्याच्याकडं बघून म्हणायच्या, "आमच्या युवराजसारखं गरीब पोरगं बघा. आईबापांनी वळण लावलंय."

सरितक्का तेलुगू, पण आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलतात. "मैं तो बोलती, माँ को अंदर डालो पहले," असा त्यांचा कायमचा न्याय. "माँ को मालूम नहीं रहता क्या?"

वंदना शिकलेली, म्हणून ती फाशीच्या आधी 'कायद्यानं' असा शब्द लावायची.

मला त्या वेळी आदित्यची आई आठवायची. कोर्टाच्या व्हरांड्यात ती आमच्या समोरच्या बाकावर बसलेली असे. एक शब्द बोलली नाही कधी. तिनं दादाला फाशी मागितली असती तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. तिचा तो हक्क होता. पण भजी खात फाशी देणाऱ्या या बायांचा मला भयंकर राग यायचा. तोंडावर काही बोलायची सोय नव्हती, मग मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

आणि आई? आई सगळ्यांत मोठ्यानं बोलायची. गप्प बसलं तर संशय येईल, म्हणून सनीला शिव्या देण्यात तिचा आवाज वर. "मेला जन्मताच का नाही गेला!" असं एकदा ती म्हणाली, तेव्हा दादा आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्याची इस्त्री एकाच जागी थांबली होती. मी ती उचलली नसती तर बाही जळाली असती.

"ती त्यांच्यासाठी बोलते रे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण सारखंच ऐकू येतं गं."

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. दादा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला आणि सरितक्कांनी मला कोपरानं ढोसलं. "अगे शिल्पा, तेरा बावा चाय लाया देख! घर में बावा रख के बाहर काय कू ढूँढना?" सगळ्या हसल्या. तेलुगू लोकांत मामाचा मुलगा म्हणजे बावा, आणि बावा म्हणजे हक्काचा नवरा. नांदेडचा भाचा उभा करताना आई हे साफ विसरली होती. आपण तेलंगणात राहतो हे विसरून तिनं खोटं मराठवाड्याच्या मापानं शिवलं होतं. दादानं ट्रे तसाच खाली ठेवला आणि आत गेला. आई मात्र हसली. सगळ्यांबरोबर, तोंडाला पदर लावून हसली.

त्या रात्री जेवताना दादा म्हणाला, "आई, आता सांगून टाक ना. मी कुणाला काही मागत नाही. शिव्या देतील, देऊ दे."

आई ताटात बघत म्हणाली, "शिल्पाचं लग्न व्हायचंय. घरमालक काय म्हणेल? तुझं कामही जाईल. ही मालिका संपू दे, लोकांच्या डोक्यात सध्या तेच भरलंय. संपली की मीच सांगते तारामतीबाईंना. शपथ."

दादानं ते धरून ठेवलं. मालिकेचे किती भाग राहिले, हे तो मला विचारायला लागला. तो आणि मी, दोघंही त्या शेवटच्या भागाची वाट बघत होतो.

शेवटच्या भागात सनीची शिक्षा संपते. त्याची आई गेटबाहेर उभी असते. आजूबाजूला गर्दी, कॅमेरे, कुणीतरी दगड उगारतो. गेटवरचा शिपाई विचारतो, "आप कौन?" ती बाई पदर सारखा करते आणि म्हणते, "मैं इसकी माँ हूँ."

दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो टीव्हीकडं बघतच नव्हता. तो आईकडं बघत होता.

तारामतीबाईंनी डोळे पुसले आणि पुसून झाल्यावर चिडल्या. "निर्लज्ज बाई! लोकांना तोंड दाखवते वर."

"मेरे कू तो रोना आ गया," सरितक्का म्हणाल्या. "कुछ भी बोलो, माँ है वो."

वंदनानं विचारलं, "तुम्ही काय केलं असतं? खरं सांगायचं हं." मग एकेकीची पाळी सुरू झाली. तारामतीबाईंनी घरात घेतलं नसतं. सरितक्कांनी मारून मारून घेतलं असतं. वंदनानं गाव बदललं असतं.

"आणि तुम्ही, भामाबाई?"

मालिका संपली होती. पडद्यावर नावं सरकत होती. आईनं दादाकडं बघितलं. बघितलं, हे मी शपथेवर सांगते. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता. मग तिनं मान फिरवली आणि नेहमीपेक्षाही मोठ्या आवाजात म्हणाली, "मला नका विचारू, बाई. देवानं मला मुलगा दिला नाही, तेच बरं केलं."

सगळ्या हो हो म्हणाल्या. तारामतीबाईंनी दादाला हाक मारली, "काय रे युवराज, तुझी आई इथं असती तर काय म्हणाली असती?"

"माझी आई तिकडं आहे," दादा म्हणाला. "ती मालिका बघत नाही." आणि त्यानं रिकामे कप गोळा केले.

बायका गेल्या. त्यांच्या चपला जिन्यात वाजायच्या थांबल्या, तशी आईनं धावत जाऊन दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला रडू फुटलं होतं. "तोंडातून निघालंच नाही रे," ती म्हणाली. "उद्या सांगते. उद्या सकाळी वर जाऊन सांगते."

दादा मोरीत कप धूत होता. नीट धुतले, पालथे घातले, हात पुसले.

"बाळा, जेवून घे," आई म्हणाली. "भाकरी टाकते गरम."

"नको. भूक नाही, आत्या."

आईनं मागं वळून दार बघितलं. कडीला हात लावून बघितला. "लावलीय रे," ती म्हणाली. "कडी लावलीय मी. कुणी नाही."

"दिसतंय मला, आत्या," दादा म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला.