बर्डीने परत केलेली पट्टी

टिलीच्या मृत्यूची चौकशी झाली त्याच दिवशी व्हर्नाने ठरवलं होतं, लायलला सोडायचं नाही. आठ महिने उलटले तरी तिचा राग तसूभरही निवला नव्हता. उलट चांगला मुरला होता.

ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या त्या मत्स्यालयात व्हर्ना एकोणीस वर्षं समुद्री पाणमांजरांना भरवत होती. टिलीला तर तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तलावाच्या दाराशी एक ट्रे असे. अंगठ्या, किल्ल्या, पेनं त्यात टाकूनच आत जायचं. कारण पाणमांजर हाती लागेल ते काखेतल्या कातडीच्या खिशात कोंबतं आणि मग सवडीने चावून बघतं. हा नियम सगळे पाळत, फक्त संचालक लायल प्रेंटिस सोडून. साहेबांच्या कोटावर नावाची पट्टी हवीच, तीही मागे चुंबकं असलेली, म्हणजे कोटाला भोक नको.

टिली मेल्यावर तिच्या आतड्यात मसुराएवढी तीन चुंबकं सापडली; एकमेकांना चिकटून त्यांनी आतडं फाडलं होतं. लायलने चौकशीत सरळ सांगितलं, "व्हर्ना पाणमांजरांना खेळणी देते, त्या डब्यातली असणार." झालं! ठपका व्हर्नावर. हिनेच वाढवलेल्या पोरीला हिनेच मारलं, असं म्हणणाऱ्या नजरा ती आठ महिने झेलत होती.

गेल्या महिन्यात तलाव घासायला बुडी मारली, तेव्हा खडकाच्या फटीत तिला ती पट्टी सापडली. 'लायल प्रेंटिस, संचालक.' मागे तीन रिकाम्या खाचा. ऑफिसात दिली असती तर लायलच्याच खणात गडप झाली असती. तिने ती लपवून ठेवली.

आज देणगीदार येणार होते. व्हर्नाने पहाटे पट्टीच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. शिंपल्यांच्या गढूळ पाण्यात शिंपल्यांबरोबर तीही गोठवून बर्फाचा ठोकळा केला आणि लायल पाहुण्यांना घेऊन दारात दिसताच तो ठोकळा तलावात सोडला.

बर्डीने, टिलीच्या जोडीदारणीने, त्याच्यावर झडप घातली. उताणी तरंगत, पोटावर दगड ठेवून तिने तो ठोकळा धाडधाड फोडला. शिंपले मटकावले, पट्टी काखेत गेली.

"आता गंमत बघा," लायल पाहुण्यांना म्हणाला. "मी हिला एक युक्ती शिकवलीय."

मी! व्हर्नाने दातओठ खाल्ले. ती युक्ती शिकवायला तिची दोन वर्षं गेली होती. तळहात पाण्यावर टेकवायचा, की पाणमांजर जवळची वस्तू आणून देतं, आणि बदल्यात त्याला कोळंबी मिळते.

लायलने ऐटीत तळहात टेकवला. बर्डी आली, काखेत पंजा घातला आणि पट्टी त्याच्या हातावर ठेवली.

"अगं बाई!" एक पाहुणी वाकून म्हणाली. "हे तर तुमचंच नाव की!"

पशुवैद्य ओडेट शेजारीच उभी होती. तिने पट्टी उचलून उलटी केली आणि तिचा चेहरा उतरला. "तीन खाचा आहेत. टिलीची तीन चुंबकं माझ्याकडे बाटलीत आहेत, लायल."

"ही... ही पार्किंगमध्ये हरवली होती."

"असं होय?" व्हर्ना म्हणाली. "मग बर्डी पार्किंगात जाऊन आली म्हणायची."

बर्डी रिकामा शिंपला काठावर आपटू लागली. तिची कोळंबी द्यायची राहिली होती.

"कोळंबी दे तिला, लायल. तिने वस्तू परत केलीय," व्हर्ना म्हणाली.

लायल वाकला. बादलीतली एक कोळंबी त्याने बर्डीपुढे धरली. व्हर्ना ते डोळे भरून पाहत राहिली. तिला दया आली नाही, बरं वाटलं. बर्डी कोळंबी घेऊन निघून गेली.

मग व्हर्नाने दाराजवळचा ट्रे आणून त्याच्यापुढे धरला. त्याच्या कोटावर आजही पट्टी होती, नवी कोरी.

"आता ही काढ," ती म्हणाली.

सगळ्यांच्या देखत लायलने स्वतःचं नाव कोटावरून काढलं आणि ट्रेमध्ये टाकलं.